कोणतं विंचूर? एका विरळ आडनावाचा माग

माझी भाची आठवीत आहे. तिच्या वर्गाच्या हजेरीत चार पवार, तीन जाधव, दोन आहेर, दोन सोनवणे आणि विंचूरकर एकच. जूनमध्ये वर्गावर नव्या बाई आल्या. त्यांनी हजेरी घेताना थांबून विचारलं, "सरदार विंचूरकरांपैकी का गं तुम्ही?" पोरीला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी तो प्रश्न घरी आला आणि दाजींनी तो माझ्याकडे पाठवला, कारण मला मोडी वाचता येते आणि जुनी दप्तरं चाळायची सवय आहे.

"मामा, आमचं आडनाव आलं कुठून? आणि आमच्यासारखे इतके थोडेच का?"

एका दमात विचारलेले हे दोन प्रश्न खरं तर वेगळे आहेत. आडनाव कुठून आलं हे कागद सांगतात. ते किती घरांत उरलं हे ठरतं मुलांच्या संख्येवर, आणि तिथे नशीबच जास्त चालतं. लोक दोन्हींची गल्लत करतात. आडनाव विरळ दिसलं की ते फार जुनं असणार, मोठ्या घराण्याचं असणार, असं धरून चालतात. म्हणून मी तिला आधी सरदारांचीच गोष्ट सांगितली.

विंचूर हे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं गाव, लासलगावजवळ. पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव यांना इथली जहागीर मिळाली. पानिपतावर १७६१ साली लढून जे सरदार परत आले, त्यांत ते होते. पुढे येवलंही याच घराण्याकडे आलं. पुण्यात ज्या विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळक राहिले आणि १८९४ साली सार्वजनिक गणपती बसला, तो वाडा यांचाच. पण विठ्ठल शिवदेव जन्माने विंचूरकर नव्हते. ते सासवडचे, आणि त्यांचं आडनाव दाणी. विंचूर मिळालं तेव्हा दाणी मागे पडलं.

म्हणजे ज्या घराण्यामुळे हे आडनाव इतिहासात गेलं, त्या घराण्यातही ते एका माणसाच्या आयुष्यात बदललेलं आहे. आपल्याकडे असं किती घडलंय बघा. पेशवे मूळचे भट. नाना फडणवीस मूळचे भानू. पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढणारे गायक विष्णू दिगंबर पलुसकर यांचं घराणं गाडगीळांचं. पलूस गावावरून पलुसकर झाले. तात्या टोपे आपल्या येवल्यात जन्मले आणि येवलेकर म्हणून ओळखले जात. टोपे हे नाव उत्तरेत लागलं. ते दुसऱ्या बाजीरावांनी दिलेल्या टोपीवरून आलं असं कोणी सांगतं, कोणी तोफेवरून. आज आपण आडनाव हाडामांसाइतकं पक्कं मानतो. दोनशे वर्षांमागे तो अंगरख्यासारखा प्रकार होता. गाव बदललं, हुद्दा मिळाला, कोणी टोपणनाव ठेवलं की तेच चालू व्हायचं. माणसाची ओळख म्हणजे त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव. आडनाव लागलंच तर लागायचं.

ते पक्कं केलं रकान्याने. १८१८ नंतर हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि हळूहळू प्रत्येक गोष्टीचं छापील रजिस्टर झालं. शाळेत नाव घालताना मास्तर विचारणार, जमिनीच्या नोंदीत तलाठी विचारणार. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, आणि आज आपण ज्याला सातबारा म्हणतो त्या कागदांची घडण तिथून सुरू झाली. एकदा रजिस्टरात चढलेलं आडनाव मुलाच्या दाखल्यावर, मग नातवाच्या, असं उतरत गेलं. त्या दिवशी जे तोंडी चालू होतं, तेच कायमचं झालं.

आता 'कर' या प्रत्ययाकडे येऊ, कारण इथे फार जण फसतात. गावाला कर लावला की आडनाव झालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते लावतं कोण? निफाडमध्ये राहणाऱ्या माणसाला निफाडकर म्हणून ओळखता येईल का? तिथे सगळेच निफाडचे. तो माणूस नाशकात, पुण्यात, इंदुरात गेला की तिथले लोक त्याला निफाडकर म्हणू लागतात. 'कर' हे आडनाव सहसा गाव सोडल्यावर मिळतं, आणि ते नव्या गावाचे लोक देतात. वर्तमानपत्रवाले आपल्याला रोज नाशिककर म्हणतात, पण नाशिककर आडनावाचं कुटुंब भेटायचं तर नाशिकबाहेर शोधावं लागतं. कुसुमाग्रजांचं शिरवाडकर हे आडनावही शिरवाडे या गावावरचं. जहागीरदार, वतनदार याला अपवाद. ते गावाचे धनी म्हणून गावाचं नाव लावत. सरदार विंचूरकर त्यातले. म्हणून एकाच आडनावाकडे जाणाऱ्या दोन उलट दिशेच्या वाटा आहेत. एक गाव मिळालेल्याची, दुसरी गाव सोडलेल्याची. दोन्ही वाटांनी आलेली माणसं आज यादीत शेजारी-शेजारी बसतात, आणि रक्ताचं नातं काहीही नसतं.

हे कळल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे आमचे कोणीतरी विंचूर सोडून आले." मी म्हटलं, असेल. पण कोणतं विंचूर?

नाशिक जिल्ह्यात विंचूर एक नाही. निफाड तालुक्यातलं झालं. नाशिक तालुक्यात विंचूर गवळी आहे. सिन्नर तालुक्यात, पांढुर्लीच्या बाजूला, विंचूर दळवी आहे. गंमत अशी की इथे उलटा व्यवहार झालेला दिसतो. माणसाला ओळखायला आपण गावाचं नाव जोडतो, आणि सारख्या नावाच्या गावांना ओळखायला दळवी, गवळी अशी माणसांची नावं जोडलेली. सरकारी कागदात गाव पूर्ण नावाने येतं, पण बोलताना शेपूट गळतं. विंचूर दळवीहून आलेला माणूसही नाशकात विंचूरकरच होणार. तेव्हा या आडनावावरून थेट निफाडचा रस्ता धरणं घाईचं ठरलं असतं.

याचा निकाल लावायला नाशकासारखी जागा नाही, कारण इथे रामकुंड आहे. रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या असतात. बाहेरगावच्या लोकांना हे माहीत असतं, नाशिकच्या कित्येकांना नसतं. आपण नदीकाठी राहतो म्हणून यात्रेकरूसारखे तिथे कधी बसत नाही. यात्रेला, श्राद्धाला, अस्थी विसर्जनाला कोणी आलं की उपाध्याय त्याची वही काढतात आणि नोंद घेतात: नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे, गाव, आणि आले ते निमित्त. शक्यतो यजमानाच्या स्वतःच्या अक्षरात. पुढच्या पिढीतलं कोणी आलं की जुनं पान उघडून दाखवतात आणि खाली नवी नोंद होते. कोणत्या मुलखाचे यजमान कोणाकडे, हे घराण्यांमध्ये वाटलेलं असतं. त्यामुळे तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येतो गावाचा.

आम्ही गेलो तेव्हाही तेच झालं. दाजींनी आडनाव सांगितलं. समोरचे म्हातारे गुरुजी शांतपणे म्हणाले, "ते राहू द्या. विंचूर कोणतं?"

मला त्या एका वाक्याचा फार आनंद झाला. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या वह्या आहेत, त्याला आडनावावर किती विसंबायचं ते बरोबर माहीत असतं.

दाजींच्या चुलत आत्याने कधीतरी पांढुर्लीचा बाजार म्हटलेलं त्यांना आठवत होतं. तेवढ्या धाग्यावर गुरुजींनी आम्हाला दुसऱ्या घराण्याकडे पाठवलं, आणि तिथे दोन फेऱ्यांनंतर लाल बासनातून एक लांबट वही निघाली. पान मोडीत होतं. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. हात उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत. सवय नसेल तर आडनाव कुठे सुरू झालं आणि गाव कुठे संपलं हेच कळत नाही. मी वाचत गेलो: शके १८११. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं (पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९ धरावे लागतात), म्हणजे १८८९. दाजींच्या खापरपणजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं, दोघा भावांची. जात शिंपी. राहणार विंचूर दळवी, हल्ली वस्ती नाशिक. आणि खाली, सहीच्या जागी, बोरूने काढलेली छोटीशी कातर.

लिहिता न येणारा माणूस अशी निशाणी करायचा. शेतकरी नांगर काढायचा, वाणी तराजू. शिंप्याने कातर काढली होती. दाजी त्या कातरीवर बोट न टेकवता, हवेतच बोट धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

पण नोंदीत आडनाव नव्हतं. गाळलेलं नाही, पुसलेलं नाही, नव्हतंच. दोन पानांनंतरची नोंद शके १८४२ ची, म्हणजे १९२० ची. देवनागरीत, शाळेत शिकलेल्या मुलाच्या वळणदार अक्षरात, आणि तिथे पहिल्यांदा शब्द येतो: विंचूरकर. या दोन नोंदींच्या मधल्या एकतीस वर्षांत हे आडनाव जन्मलं. माझा तर्क असा की मुलगा शाळेत गेला तेव्हा रकाना भरायची वेळ आली, आणि गल्लीत जे चालू होतं ते मास्तरांनी लिहिलं: विंचूरकर शिंप्याचा मुलगा. भाचीने विचारलं, "मग त्याआधी आम्ही कोण होतो?" त्याआधी तुम्ही तुम्हीच होतात, नाव, बापाचं नाव, गाव आणि हातातली कातर एवढ्यावर भागत होतं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आडनावाचा शब्दार्थ कळला म्हणजे उगम कळला, असं समजू नये. नाशिक-त्र्यंबकेश्वरात गायधनी, क्षेमकल्याणी, तुंगार, शिखरे अशी आडनावं पूर्वापार आहेत. बाहेर फार भेटत नाहीत. गायधनीत गाय आणि धनी दोन्ही शब्द उघड दिसतात, आणि लगेच गोदानाची एखादी कथा रचावीशी वाटते. कथा गोड असते म्हणून ती पसरते. पण शब्द फोडणं ही सुरुवात झाली. पुरावा म्हणजे तारीख असलेला कागद. काही शब्दांचा मात्र पक्का पत्ता लागतो. चिटणीस, फडणीस, पारसनीस, वाकनीस यांतला 'नीस' हा फारसी 'नवीस', लिहिणारा. पारसनीस फारसी पत्रं लिहायचे, वाकनीस घडामोडींच्या बातम्या. तिथे हुद्दा दप्तरात सापडतो, म्हणून खात्रीने बोलता येतं.

आता दुसरा प्रश्न. इतके थोडे का?

थोडे म्हणजे किती, हे आधी ठरवायला हवं, आणि ते सोपं नाही. जनगणनेत आपली नावं लिहून घेतात, पण आडनावांची मोजदाद प्रसिद्ध होत नाही; १९४८ च्या जनगणना कायद्याने माणसामाणसाची माहिती गुप्त राहते. उरते मतदार यादी. तीत अठरा वर्षांखालचे नसतात, आणि एकच माणूस जुन्या नि नव्या पत्त्यावर दोनदा असू शकतो. शिवाय लिहिण्याचा घोळ. विंचूरकर दीर्घ लिहिलं तर एक, विंचुरकर ऱ्हस्व लिहिलं तर यंत्राच्या लेखी दुसरंच. रोमन लिपीत पहिलं अक्षर 'व्ही' की 'डब्ल्यू', मध्ये एक 'यू' की दोन 'ओ', एवढ्यावरच चार रूपं होतात. दाजींच्या घरातच पासपोर्ट आणि आधार कार्डावर दोन वेगळी रूपं आहेत. शोधताना सगळी रूपं शोधायची, नाहीतर आडनाव आहे त्याहून विरळ दिसतं.

आकडा मिळाला तरी तो नुसता वाचू नये, लोकसंख्येने भागावा. समजा एका आडनावाची १२० माणसं सापडली. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला ६१ लाख होती, म्हणजे लाखात दोन. पण ती सगळी चार लाखांच्या एकाच तालुक्यात असतील, तर तिथे लाखात तीस. आडनाव 'दुर्मीळ' आहे असं म्हणताना कुठे दुर्मीळ, हे सांगावंच लागतं. सुरगाणा-कळवणकडे भोये, गावित गावोगाव आहेत; तळकोकणात तीच नावं सांगितली तर लोक पुन्हा विचारतील.

आणि तरीही विंचूरकर थोडेच. याचं कारण समजावायला मी भाचीला दोन नाणी दिली.

१८७३ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांना प्रश्न पडला होता की नामांकित घराण्यांची आडनावं नाहीशी का होतात. त्यांना वाटे, मोठेपणाबरोबर वंश क्षीण होत असावा का? हेन्री वॉटसन या गणिती धर्मोपदेशकाने त्यांच्याबरोबर गणित मांडलं आणि १८७४ साली ते प्रसिद्ध झालं. वॉटसन यांच्या निष्कर्षात चूक होती, ती पुढच्या गणितज्ञांनी दुरुस्त केली, पण पाया पक्का निघाला. आडनाव संपायला कसलीही क्षीणता लागत नाही. नुसता योगायोग पुरतो.

खेळ असा. वहीत वीस आडनावं लिहा, प्रत्येकाचा एकेक पुरुष. प्रत्येकासाठी दोन नाणी उडवा. जितके छापे, तितके मुलगे. दोन्ही काटे पडले तर त्याच्याबरोबर ती रेघ संपली. सरासरीने प्रत्येकाला एक मुलगा, म्हणजे एकूण लोक घटत नाहीत, वाढतही नाहीत. मग प्रत्येक मुलासाठी पुन्हा नाणी. भाचीने जेवणं होईपर्यंत उडवली. पाचव्या पिढीला तिच्या वीसपैकी सात आडनावं उरली होती, आणि त्यातल्या एकाचीच पाच माणसं झाली होती. तिने ते नाव पवार ठेवलं होतं.

तिचा हा निकाल अपघाती नाही. शंभर आडनावं घेऊन हिशेब केला तर पहिल्या पिढीतच सरासरी २५ संपतात. दुसरीपर्यंत ३९, तिसरीपर्यंत ४८, चौथीपर्यंत ५५, पाचवीपर्यंत ६०. दहा पिढ्यांत ७४ गेलेली असतात आणि माणसं मात्र शंभरच्या आसपास तशीच. ती उरलेल्या २६ आडनावांत वाटली जातात, प्रत्येकी साधारण चार. काही आडनावं फुगतात आणि बाकीची गळतात, ती अशी. जिथे आडनावं फार जुनी तिथे हे टोकाला जातं. कोरियात किम, ली, पाक या तीन आडनावांत जवळजवळ निम्मा देश येतो. जपानमध्ये सगळ्यांना आडनाव सक्तीचं झालं ते १८७५ साली, आणि तिथे आजही एक लाखाहून जास्त आडनावं आहेत. गळती व्हायला पिढ्याच झाल्या नाहीत. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं, प्रत्येक गावाचा 'कर' होऊ शकतो, आणि त्यातली कित्येक आडनावं रजिस्टरात येऊन शंभर-सव्वाशे वर्षंच झालेली. म्हणून आपल्याकडे विरळ आडनावं इतकी आहेत. पवार-जाधवांची सुरुवातच अनेक गावांतून, अनेक घरांतून झाली; विंचूरकर शिंप्यांची एका दुकानातून.

भाची नाण्यांकडे बघत होती. तिला भाऊ नाही. दाजींनाही नाही. "म्हणजे आमची रेघ आत्ता दोन्ही काटे पडलेली आहे," ती म्हणाली.

मला ते ऐकून वाईट वाटलं, आणि हेही जाणवलं की मी शिकवलेल्या खेळातच खोट होती. गाल्टनच्या गणितात मुली नाहीत. नामावळीच्या त्या दोन पानांवरही एका बाईचं नाव नाही. १८८९ साली ती कातर काढणाऱ्या माणसाची बायको काजं-बटणं करत असेल, तिचं नाव आम्हाला कुठेच सापडलं नाही. वंश चालत असतो, फक्त मोजणीची चाळणी एका बाजूने बंद ठेवलेली असते. कागद आता थोडे बदलू लागलेत. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी नोंदीत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम महाराष्ट्राने ठरवला आहे. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा तर नाहीच. हे मी तिला सांगितलं. ती काय करील ते तिचं तिने ठरवायचं.

सध्या तिला विंचूर दळवीला जायचं आहे. दिवाळीच्या सुटीत जायचं ठरलंय, दाजीही येणार आहेत. गावात पोचल्यावर काय विचारायचं हे मात्र मी तिला आत्ताच पढवून ठेवलं आहे: विंचूरकर कुठे राहतात, असं विचारू नकोस. शिंप्यांचं जुनं घर कोणतं, ते विचार.